खडकांवरचा संथ शिकारी : इंडोथाइस

मुंबईच्या उपनगरांतील रहिवाशांना समुद्र भेटतो तो बहुधा वाळूवर. जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई ही नावे उच्चारली की डोळ्यांसमोर चौपाटी येते, सुट्टीच्या दिवशीची गर्दी येते. परंतु याच किनाऱ्याला दुसरेही एक रूप आहे. वांद्र्याचा बॅण्डस्टॅण्ड, कार्टर रोड, जुहू कोळीवाड्यालगतचा भाग, मढ बेटाची टोके अशा ठिकाणी ओहोटीचे पाणी मागे सरले, की काळ्या खडकांचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरवर पाहता त्यावर शेवाळ, कचरा आणि पांढऱ्या खरखरीत कवचांखेरीज काही दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र तेथे चोवीस तास शिकार चालू असते. तीही इतक्या संथ गतीने, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ता लागू नये.

या शिकाऱ्यांपैकी प्रमुख म्हणजे 'इंडोथाइस' या वंशातील शंखधारी गोगलगाई. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर त्या शतकाहून अधिक काळ नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्या कुळातील एका जातीला कोकणाचे नाव आहे. आणि समुद्रात मिसळलेल्या एका विषाची भारतातील पहिली खूणही त्याच जातीच्या शरीरावर उमटली. अशा या दुर्लक्षित प्राण्याची ओळख करून घेणे म्हणजे आपल्या घराजवळच्या समुद्राची प्रकृती जाणून घेणेच होय.

ओळख

मृदुकाय प्राण्यांमध्ये उदरपाद नावाचा मोठा वर्ग आहे. पोटाखालच्या मांसल पायाने सरपटणाऱ्या सर्व गोगलगाई त्यात मोडतात. पावसाळ्यात बागेत दिसणारी गोगलगाय पाने खाते. समुद्रातील 'म्युरिसिडी' कुळातील गोगलगाई मात्र प्रामुख्याने मांसाहारी आहेत. इंडोथाइस हा याच कुळातील वंश होय.

त्याचा शंख साधारणपणे दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा, जाड आणि मजबूत असतो. रंग करडा, तपकिरी वा मातकट. शंखाच्या वेटोळ्यांवर कडा उठलेल्या असतात व त्यांवर गाठी किंवा बोथट काटे असतात. ओला खडक आणि हा शंख यांच्या रंगात इतके साम्य असते, की नवख्याला तो चटकन दिसत नाही. शंखाच्या तोंडावर शिंगासारख्या पदार्थाचे तपकिरी झाकण असते. ओहोटीच्या वेळी ऊन तापू लागले, की गोगलगाय अंग आत ओढून घेऊन हे झाकण लावते. आतला ओलावा टिकतो आणि पुढच्या भरतीपर्यंत जीव तगतो.

शंखाच्या टोकाशी एक छोटी पन्हळ असते. तिच्यातून एक मऊ नळी बाहेर येते. पाणी आत घेताना या नळीवाटे भक्ष्याचा गंध हुंगला जातो. डोळे अधू असलेल्या या प्राण्याची शिकार मुख्यत्वे वासावर चालते.

कानस आणि रसायन

खडकावर राहणाऱ्या या शिकाऱ्याचे भक्ष्य पळून जाऊ शकत नाही. कालवे खडकाला कायमची चिकटलेली असतात, शिंपले धाग्यांनी बांधलेले असतात, आणि ज्यांच्यावर पाय पडला की तळवा सोलवटतो ते पांढरे, छोट्या ज्वालामुखीच्या आकाराचे बार्नेकल तर जन्मभर जागा सोडत नाहीत. या सर्वांचा बचाव एकच, तो म्हणजे चुन्याचे भक्कम कवच. म्हणूनच येथे वेगाला महत्त्व नाही. हे कवच फोडायचे कसे, एवढाच प्रश्न असतो.

म्युरिसिडी कुळाने त्याचे उत्तर दोन साधनांत शोधले आहे. पहिले साधन म्हणजे जीभ. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळी असतात आणि ती लोहाराच्या कानशीप्रमाणे पृष्ठभाग खरवडते. दुसरे साधन पायाच्या तळव्यात दडलेले असते. तेथील एक विशेष ग्रंथी आम्लधर्मी स्राव सोडते व त्याने चुना मऊ पडतो. गोगलगाय भक्ष्यावर ठाण मांडून ही ग्रंथी एका जागी दाबून धरते, नंतर थोडा वेळ जिभेने मऊ झालेला थर खरवडते, पुन्हा ग्रंथी लावते. कुळातील ज्या जातींचा बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यांत अर्धा तास रसायनाचा आणि जेमतेम मिनिटभर कानशीचा असा क्रम आढळला आहे. दिवसभरात अर्धा मिलिमीटर कवचही पोखरून होत नाही. जाड कवचाच्या एका शिंपल्यासाठी दोन-तीन दिवस लागू शकतात.

एकदा भोक पडले, की सोंडेसारखे लांब मुख आत सरकते आणि मऊ मांस खाल्ले जाते. प्रत्येक वेळी भोक पाडावेच लागते असे मात्र नाही. बार्नेकलच्या बाबतीत वरच्या झाकणाच्या पाकळ्या रेटून फटीतून मुख घातले, तरी काम भागते. कालवाच्या दोन शिंपांच्या कडेवरही हल्ला होतो, कारण तेथे कवच पातळ असते.

चौपाटीवर फिरताना अनेकांना नेमके गोल भोक असलेला शिंपला सापडतो. मुले त्यात दोरा ओवून माळ करतात. हे भोक म्हणजे त्या शिंपल्याच्या मृत्यूचा दाखलाच होय. भोकाच्या कडा सरळ, नळीसारख्या असतील, तर ते काम म्युरिसिडी कुळाचे असण्याची शक्यता अधिक. भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद, म्हणजे वाटीसारखे उतरते असेल, तर मारेकरी बहुधा नॅटिसिडी कुळातील, वाळूत दडून राहणारी गोगलगाय असते. जुहूच्या वाळूत दुसऱ्या प्रकारचे भोक दिसले, तर आश्चर्य वाटायला नको.

पिंजऱ्याने दाखवलेले सत्य

असा शिकारी खडकावर नसता तर काय बिघडले असते? या प्रश्नाचे उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिळाले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी कम्ब्रे बेटावरील खडकांवर बार्नेकलचा अभ्यास केला. तेथे इंडोथाइसचीच एक थंड प्रदेशातील नातलग राहते. तिला त्या काळी 'थाइस लॅपिलस' म्हणत. आज ती 'न्युसेला लॅपिलस' या नावाने ओळखली जाते. कॉनेल यांनी खडकाच्या काही भागांवर तारेच्या जाळीचे पिंजरे बसवले, जेणेकरून गोगलगाय आत शिरू नये. पिंजऱ्यात बार्नेकल टिकून राहिले आणि दाटी वाढली. बाहेर, विशेषतः खडकाच्या खालच्या भागात, गोगलगाईंनी मोठ्या बार्नेकलचा फडशा पाडून जागा मोकळी केली. हे संशोधन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सागरी पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकवले जाते.

त्यातला मथितार्थ मुंबईकरांना सहज कळण्याजोगा आहे. खडकावर सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती, तर जागा. लोकलच्या डब्याप्रमाणे येथेही जो आधी येऊन घट्ट बसतो तो दुसऱ्याला वाव देत नाही. शिकारी गोगलगाय काही रहिवाशांना हटवते, रिकाम्या जागी शेवाळ धरते, शेवाळावर चरणारे जीव येतात, नव्या कालवांची पिल्ले बसतात. मेलेल्या बार्नेकलची रिकामी कवचेही वाया जात नाहीत. बारीक गोगलगाई व किडे त्यात आसरा घेतात. स्वतः गोगलगाय मेली, की तिचा शंख संन्यासी खेकड्याचे घर होतो.

अर्थात, या शिकाऱ्याचा उपद्रवही आहे. कालवांची शेती करणाऱ्या देशांत या कुळातील काही जाती शत्रू मानल्या जातात. आशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील 'रापाना व्हेनोसा' ही इंडोथाइसची मोठ्या आकाराची नातलग १९४० च्या दशकात काळ्या समुद्रात पोहोचली आणि तेथील कालवांचे साठे तिने उद्ध्वस्त केले. मूळ घरी समतोल राखणारा प्राणी परक्या समुद्रात, नैसर्गिक शत्रूंच्या अभावी, संकट ठरू शकतो. मुंबईच्या खडकांवर मात्र तो पिढ्यान् पिढ्यांचा रहिवासी आहे. ओहोटीच्या वेळी लोखंडी अवजाराने कालवे फोडून ती गोळा करणाऱ्या कोळी महिला आणि ही गोगलगाय एकाच खडकावर गुजराण करत आल्या आहेत.

नावामागचा इतिहास

या वंशातील प्रमुख जाती 'इंडोथाइस लॅसेरा' हिचे शास्त्रीय वर्णन १७७८ मध्ये इग्नाझ फॉन बॉर्न यांनी केले. व्हिएन्नाच्या राजसंग्रहातील शंखांची सूची त्यांनी तयार केली होती. हिंदी महासागरात पसरलेली ही जाती पुढे सुएझ कालव्याच्या मार्गाने भूमध्य समुद्रातही पोहोचल्याची नोंद आहे.

मुंबईचा संबंध आला तो १८९३ मध्ये. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी या संग्राहकाने मुंबईच्या किनाऱ्यावर गोळा केलेले शंख इंग्लंडमधील अभ्यासक जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांच्याकडे पाठवले. मेलव्हिल यांनी त्यांतून २५ नव्या जातींचे वर्णन मँचेस्टर येथील विद्वत्संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. 'ब्लॅनफोर्डाय' ही आज इंडोथाइस वंशात गणली जाणारी जाती त्यांपैकीच. त्याच लेखात याच कुळातील आणखी एका लहान शंखाला 'कोंकनेन्सिस', म्हणजे कोकणातला, असे नाव देण्यात आले.

पुढे टी. व्ही. सुब्रह्मण्यम, के. आर. करंदीकर आणि एन. एन. मूर्ती यांनी मुंबईच्या सागरी गोगलगाईंचा आढावा घेतला व तो १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रकाशित झाला. सर्वसामान्य वाचकांसाठी दीपक आपटे यांचे भारतीय शंखांवरील सचित्र पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

या सर्व जुन्या ग्रंथांत आपल्या खडकावरचा शंख 'थाइस' वा 'पर्पुरा' या नावाने आढळतो. २०१३ मध्ये क्लेअरमाँट, व्हर्मे, विल्यम्स आणि रीड या शास्त्रज्ञांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे या गटाची फेरमांडणी केली. हिंदी व पश्चिम प्रशांत महासागरातील या जाती मूळ थाइस वंशाहून वेगळ्या असल्याचे त्यातून दिसले आणि त्यांच्यासाठी 'इंडोथाइस' हा नवा वंश निर्माण झाला. म्हणजे प्राणी जुना, रहिवास जुना. नाव मात्र नवे आहे.

जांभळा रंग

'पर्पुरा' या जुन्या नावात आणखी एक इतिहास दडलेला आहे. म्युरिसिडी कुळातील अनेक गोगलगाईंच्या शरीरात एक ग्रंथी असते. तिचा स्राव प्रथम फिकट असतो; हवा आणि ऊन लागले की तो हिरवट, निळसर होत शेवटी जांभळा होतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील टायर शहराने या रंगावर प्राचीन काळी वैभव मिळवले. रोमन सम्राटांच्या वस्त्रांना तोच रंग असे.

हा रंग इतका महाग का होता, याचा उलगडा १९०९ मध्ये झाला. पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाईंपासून जेमतेम १.४ ग्रॅम शुद्ध रंग मिळवला आणि त्याची रचना शोधून काढली. तो रंग म्हणजे आपल्या परिचयाच्या निळीचाच रेणू असून त्याला ब्रोमिनचे दोन अणू जोडलेले असतात. समुद्राच्या पाण्यात ब्रोमिन असल्याने शेतातल्या निळीच्या झाडाला जे साधले नाही, ते गोगलगाईला साधले.

रंगानेच केलेला घात

गोगलगाईने माणसाला रंग दिला. माणसाने तिला दिलेल्या रंगाची कथा मात्र वेगळी आहे. बोटी आणि जहाजांच्या तळाला बार्नेकल, कालवे, शेवाळ चिकटले, की वेग घटतो व इंधन अधिक लागते. त्यावर उपाय म्हणून १९६०च्या दशकापासून 'ट्रायब्युटिल टिन', संक्षेपाने टीबीटी, हे कथिलाचे विषारी संयुग मिसळलेला रंग जगभर वापरात आला. रंग अत्यंत परिणामकारक ठरला. मात्र तो तळावरून हळूहळू पाण्यात झिरपत होता.

१९७० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे न्युसेलाच्या माद्यांमध्ये नराचे जननेंद्रिय वाढलेले आढळले. १९७१ मध्ये अमेरिकेतील दुसऱ्या एका गोगलगाईत तसाच प्रकार दिसला आणि त्याला 'इम्पोसेक्स' ही संज्ञा मिळाली. पुढील संशोधनातून याचे मूळ टीबीटीमध्ये असल्याचे सिद्ध झाले. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढ्या अत्यल्प प्रमाणातही हा परिणाम घडतो. विकृती बळावली की मादीचा अंडी बाहेर टाकण्याचा मार्ग बंद होतो. बंदरांलगतच्या अनेक खडकांवरून न्युसेला नाहीशी झाली. तिची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर पोहत दूर जात नाहीत, खडकावरच सरपटत राहतात. त्यामुळे एकदा उजाड झालेली जागा पुन्हा भरून येण्यास फार वर्षे लागली.

भारतात या विकृतीची पहिली नोंद गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. ती ज्या प्राण्यात आढळली, तो म्हणजे मेलव्हिल यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या नमुन्यांवरून वर्णिलेला 'कोंकनेन्सिस'. ज्या शंखाला कोकणाचे नाव मिळाले, त्यानेच कोकणपट्टीच्या समुद्रातील विषाची वर्दी शतकानंतर दिली.

जहाजांच्या तळावरील घातक रंगांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये संमत झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. युरोपातील अनेक खडकांवर त्यानंतर न्युसेला परतली. एखाद्या रसायनावर जागतिक बंदी घालण्याइतपत पुरावा एका क्षुद्र गोगलगाईने पुरवावा, हे या कथेतील विशेष होय. जुने टीबीटी बंदरांच्या तळगाळात दीर्घकाळ टिकून राहते, ही मात्र न विसरण्याजोगी बाब आहे.

उपनगरांचा किनारा

हे सर्व पाहिल्यावर उपनगरांतील खडकांकडे परत यावे लागते. मुंबईचा पूर्व आणि पश्चिम किनारा सारखा नाही. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला ठाण्याच्या खाडीचा चिखल आणि खारफुटी आहे. फ्लेमिंगोंना तो मानवतो. इंडोथाइसला मात्र चिकटायला कठीण पृष्ठभाग आणि त्यावर भक्ष्य लागते. ते मिळते वांद्र्यापासून अंधेरी, मालाड आणि बोरिवलीच्या पश्चिमेला पसरलेल्या किनाऱ्यावर. तेथील खडक प्राचीन ज्वालामुखींतून निर्माण झालेले आहेत. त्यांतील भेगा, कपारी आणि ओहोटीत साचणारी डबकी हीच या प्राण्याची वस्ती.

या पट्ट्यावर आज अनेक बाजूंनी ताण आहे. मालाड खाडीसारख्या ठिकाणी सांडपाणी येते, खडकांच्या कपारींत प्लॅस्टिक अडकते. वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतूचे बांधकाम सुरू आहे, आणि वर्सोव्याहून उत्तरेला दहिसर-भाईंदरच्या दिशेने किनारी रस्ता नेण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. शहर भागात मरीन ड्राइव्ह ते वरळी किनारी मार्गाच्या कामात समुद्रात भराव पडला. २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील संरक्षित प्रवाळ उचलून अन्यत्र हलवण्यात आले. तो मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. प्रवाळांना कायद्याचे कवच असल्याने त्यांच्या स्थलांतराचा विचार तरी झाला. खडकावरील सामान्य गोगलगाईच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

भराव आणि समुद्रभिंतीचे दगडही कठीणच असतात, मग तेथे हे प्राणी राहणार नाहीत का, असा प्रश्न विचारला जातो. काही जीव तेथे वस्ती करतात, हे खरे. परंतु उभ्या भिंतीवर भरती-ओहोटीमधला पट्टा अरुंद होतो. डबकी आणि सावलीच्या कपारी उरत नाहीत. जगभरातील अभ्यासांत अशा भिंतींवर नैसर्गिक खडकांच्या तुलनेत जीवांची विविधता कमीच आढळत आली आहे. रुंद, उतरता, खाचखळग्यांचा खडक नाहीसा झाला, की त्याबरोबर केवळ एक शंख जात नाही. कालवे जातात, ती वेचणारे हात रिकामे होतात आणि समुद्राच्या प्रकृतीची खबर देणारा रहिवासीही जातो.

पाहायचे असेल तर

इंडोथाइस पाहण्यासाठी कोणत्याही अभयारण्याची वाट धरावी लागत नाही. पंचांग पाहिले की पुरे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत मुंबईत भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे असते. वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून नागरिकांसाठी किनारा-फेऱ्या आयोजित केल्या जात आहेत. समुद्र ठाऊक असलेल्या सोबत्यांबरोबर जाणे केव्हाही श्रेयस्कर, कारण खडक निसरडे असतात आणि भरतीचे पाणी पाठीमागून वेढा घालते. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

कालवे आणि बार्नेकल दाटलेल्या जागी, भेगांच्या कडेला नजर स्थिर ठेवावी. शंख लगबगीने चालू लागला तर आत खेकडा आहे असे समजावे. जागचा हलत नसेल तर कदाचित तो आपल्या कामात गुंतलेला शिकारी असेल. तो उपटून पाहू नये. दोन दिवस खपून पोखरलेले भोक त्याच्या हातचे जाते. उलटवलेला दगड होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खाली दगडाला चिकटवलेल्या, इवल्या कुप्यांसारख्या अंड्यांचे पुंजके असू शकतात. रिकामा शंखही तेथेच राहू द्यावा. एखादा संन्यासी खेकडा घराच्या शोधात असतो, आणि या शहरात घराची चणचण काय असते हे मुंबईकराला सांगायला नको.